फुटक्या बांगड्यांशिवाय: वैधव्यावरची एक स्थिरचित्रमालिका कशी घडली, कुठं अडली

पार्श्वभूमी

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, पायातली जोडवी काढायची नाहीत, असा तो ठराव. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्यांच्या करवीर (कोल्हापूर) संस्थानात विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार १९१७ मध्येच मिळाला होता. तरीही शंभर वर्षांनी कुंकवासाठी ठराव करावा लागला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही असंच करावं, असं परिपत्रक काढलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात कोल्हापूर शहरातल्या एका छोट्या महिला संस्थेनं एका छायाचित्रकाराला काम सांगितलं. जिल्ह्यातल्या दोन गावांत संस्थेचं येणं-जाणं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बायकांनाही बोलवायचं ठरत होतं आणि त्याआधी लोकांसमोर ठेवायला बारा-पंधरा छायाचित्रं हवी होती. गावं, संस्था आणि माणसं यांची ओळख इथं मुद्दाम दिलेली नाही.

छायाचित्रकाराचा रोजचा धंदा वस्तूंचाच: चपला, गुळाचे बॉक्स, गुजरीतल्या सराफांचे साज आणि ठुशी. चमकणारी वस्तू कशी उजळायची हे त्याला पाठ होतं. पुढं त्याचा फायदाही झाला आणि तोटाही.

अडचण

पहिली अडचण चेहऱ्याची. बायका बोलायला तयार होत्या, फोटोला नाही. ज्या दोघी तयार झाल्या, त्यांच्या घरच्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून नको म्हणून सांगितलं. पाठमोरी बाई, खिडकीत बसलेली सावली, सुरकुतलेले हात, हे नेहमीचे तोडगे चर्चेत आले. पण चार-पाचशे उंबऱ्यांच्या गावात पाठमोरी बाईसुद्धा पदरावरून ओळखू येते.

म्हणून वस्तू. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्या प्रत्येकानं घडा, फळं आणि मागं पडदा असं स्थिरचित्र काढलेलं असतं. वस्तूंमधून माणसाविषयी बोलायची रीत त्याहून बरीच जुनी आहे. सतराव्या शतकातले डच चित्रकार कवटी, विझलेली मेणबत्ती आणि सुकत चाललेलं फळ मांडून आयुष्याच्या क्षणभंगुरतेविषयी बोलत. इथं तर प्रथाच वस्तूंवर चालते. बाईवर होणारा अन्याय बांगडी, कुंकू, जोडवी आणि मणी यांच्यामार्फतच होतो, त्यामुळं विषय स्थिरचित्राला अगदी लागू होता.

दुसरी अडचण उशिरा लक्षात आली. चेहरा नसला की ओळख नसते, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

पहिला प्रयत्न आणि तो का टाकला

पहिली सहा छायाचित्रं स्टुडिओत झाली. महाद्वार रोडवरून दोन डझन हिरव्या बांगड्या, कुंकवाची पुडी आणि खोटं मंगळसूत्र आणलं. बांगड्या कापडात गुंडाळून हातोडीनं फोडल्या. काळ्या ॲक्रिलिकवर तुकडे पसरले, वर कुंकू उधळलं, एका बाजूनं सॉफ्टबॉक्स लावला. चित्रं देखणी झाली. संस्थेच्या कार्यकर्तीनं ती गावातल्या पाचसहा जणींना मोबाईलवर दाखवली. त्यातल्या एका मावशींनी दोन वाक्यांत निकाल लावला: "फुटलेल्या बांगड्या घरात कोण ठेवतंय व्हय? त्या तिथंच पडत्यात."

हा आक्षेप केवळ तपशिलाचा नव्हता. फुटकी बांगडी दाखवली की बघणारा त्या एका दिवसापाशी थांबतो. हळहळतो आणि पुढं जातो. बायका सांगत होत्या ते त्या दिवसानंतरच्या वीस वर्षांचं होतं, आणि त्या वीस वर्षांच्या वस्तू फुटलेल्या नसतात. त्या ट्रंकेत, फडताळात, तांदळाच्या डब्यात नीट ठेवलेल्या असतात.

तांत्रिक बाजूनंही चित्रं जाहिरातीसारखी झाली होती. काळं चकचकीत ॲक्रिलिक, काठावर पांढरी रेघ, वस्तूखाली प्रतिबिंब, ही मांडणी बघणाऱ्याला वस्तू विकत घ्यायला शिकवते. डोळ्याला ती सवय इतकी आहे की फुटकी काचही तिथं दागिना दिसते. सहाही चित्रं बाजूला काढली.

समोरचे पर्याय

यानंतर तीन वाटा होत्या. एक, स्टुडिओतच राहून मांडणी बदलायची आणि वस्तू जुन्या बाजारातून आणायच्या. वेळ कमी लागला असता आणि कुणाच्या घरात शिरावं लागलं नसतं. पण मग प्रत्येक चित्र फक्त उदाहरण ठरलं असतं. दुसरी, बायकांच्या वस्तू उसन्या आणून स्टुडिओत टिपायच्या. प्रकाश हातात राहिला असता. पण कुंकवाचा करंडा दोन दिवसांसाठी घराबाहेर न्यायचा, हे ऐकूनच तिघींनी मान हलवली. हरवला, बदलला, कुणी पाहिला तर काय सांगायचं?

तिसरी वाट म्हणजे कॅमेरा घरी न्यायचा, वस्तू जिथं ठेवली असेल त्याच खोलीत खिडकीच्या उजेडात टिपायची आणि वस्तू बाईच्या नजरेसमोरून हलू द्यायची नाही. हीच निवडली. अंदाज आठ दिवसांचा होता, काम पाच आठवडे चाललं. दुपारचे दोन तास सोडले तर बायकांना सवड नसते, आणि त्या दोन तासांत ढग आले तर दिवस गेला.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं. त्यात दोन टप्पे ठेवले: टिपायची परवानगी वेगळी आणि छापील चित्र पाहून ते लावायची परवानगी वेगळी. घरच्या पुरुषाची सही घ्यायची का, यावर संस्थेत बराच वाद झाला. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं (१९५६) बाईच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते, दागिनाही. म्हणून सही तिचीच घ्यायची ठरलं. कायद्याच्या दृष्टीनं बरोबर. गावात कसं उतरलं ते पुढं येईल.

प्रत्यक्ष काम

सामान मुद्दाम थोडं नेलं: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा, ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, तिपाई, राखाडी कार्ड, दोन पांढरे आणि दोन काळे पुठ्ठे, आणि एक जुनं मऊ धोतर. खिडकीवर धोतराचा एकेरी पडदा लावला की उजेड मऊ होतो, दुहेरी केला की सपाट होतो. वस्तू खिडकीपासून अडीच-तीन फुटांवर, पांढरा पुठ्ठा समोरच्या बाजूला. आयएसओ १००, छिद्र एफ/११, वेळ पाव ते एक सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. एफ/१६ च्या पुढं गेलं की या आकाराच्या सेन्सरवर विवर्तनामुळं (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळं) बारीक तपशील मऊ पडतो, म्हणून वस्तूचा पुढून मागपर्यंत जास्त भाग स्पष्ट हवा तिथं फोकस सरकवत पाच ते सात फ्रेम घेऊन नंतर जोडल्या.

घरात काय बिघडतं ते स्टुडिओत कळत नाही. ट्यूबलाइट आणि पंखा आधी बंद करावा लागतो. पंख्याच्या वाऱ्यानं कापडाची कड हलते आणि कुंकू उडतं. लाकडी माडीवर कुणी चाललं की एक सेकंदाची फ्रेम हलते, त्यामुळं पोरांना खाली पाठवावं लागतं. हिरव्या ऑइलपेंटच्या भिंती तर पांढऱ्या कापडालाही हिरवट करतात. राखाडी कार्ड वापरून रंगसंतुलन दुरुस्त केलं तरी सावलीच्या बाजूला भिंतीचा रंग उरतोच. त्या बाजूला काळा पुठ्ठा उभा केला तेव्हा तो गेला.

कुंकू हे या कामातलं सगळ्यात अवघड प्रकरण. कॅमेऱ्याचा एकूण हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, अगदी मधोमध दिसतो, पण त्याच वेळी लाल रंगाचा वेगळा आलेख उजव्या भिंतीला आदळलेला असतो, म्हणजे लाल मर्यादेबाहेर गेलेला असतो. मग कणांमधला फरक जातो आणि करंड्यात कुंकू न दिसता सपाट लाल डाग दिसतो. पहिल्या चार घरांतली करंड्यांची चित्रं अशीच गेली, कारण पडद्यावर ती झकास दिसत होती. छापून आल्यावर रंग ओतल्यासारखी दिसली. त्यानंतर लाल, हिरवा, निळा (आरजीबी) हे तिन्ही आलेख वेगळे पाहायचे, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल घ्यायची आणि दोनतृतीयांश ते एक स्टॉप उजेड कमी घ्यायचा (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), असा नेम केला. उजेड करंड्याच्या काठाला घासून येईल इतका खाली घेतला की प्रत्येक कणाला सावली मिळते. लॅबला एसआरजीबी (मर्यादित रंगांच्या) पद्धतीची फाइल द्यायची असल्यामुळं लालाची तीव्रता थोडी उतरवली. डोळ्याला आधी फिकट वाटतं, पण मॅट कागदावर तेच खरं दिसतं. दोन घरांत पुन्हा जाऊन चित्रं घेता आली. उरलेल्या दोघींनी करंडा परत बाहेर काढायला नकार दिला. त्यांना कोण दोष देईल?

काचेच्या बांगडीला कडेनं गडद रेघ हवी असते, नाहीतर ती पांढऱ्या कापडात विरघळते. दोन्ही बाजूंना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चौकटीच्या अगदी बाहेर उभ्या केल्या की ती रेघ मिळते. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, काचेवर चालतो, पृष्ठभागाशी साधारण ३० ते ३५ अंशांवरून पाहिलं तर सगळ्यात जास्त. पण चमक पूर्ण काढली की बांगडी प्लॅस्टिकची दिसायला लागते. चांदी आणि स्टीलवर पोलरायझरचा उपयोग जवळजवळ नाहीच. तिथं प्रतिबिंबात काय दिसेल तेच बदलावं लागतं.

जोडव्यांचा प्रसंग टाळता आला असता. चौदा वर्षं पुरचुंडीत राहिलेली जोडवी, हुपरीच्या चांदीची, काळी पडलेली. छायाचित्रकार बाहेर पुठ्ठे लावत असताना मदतनीसानं "स्वच्छ करून देतो, मावशी" म्हणत ती दंतमंजनानं घासली. हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळं चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. चौदा वर्षांत चढलेला थर पाच मिनिटांत गेला. वस्तू न घातल्याचा एकमेव दिसणारा पुरावा तोच होता. उरली ती आतल्या बाजूची झीज, म्हणजे घातल्याच्या वर्षांची खूण. शेवटी जोडवी उभी करून, आतली पातळ झालेली कड खिडकीकडं धरून चित्र घेतलं. ते मालिकेतल्या चांगल्या चित्रांपैकी एक ठरलं खरं, पण ते ठरवून झालेलं नव्हतं. तेव्हापासून कुठलीही वस्तू पुसायची नाही हा नियम झाला. धूळ नको असेल तर फक्त कोरडा मऊ ब्रश, तोही विचारून.

कोणत्या वस्तू हे बायकांनीच ठरवलं, आणि मालिकेचं खरं वळण तिथंच आलं. संस्थेच्या यादीत कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र होतं. बायकांनी काढून दिलं ते दुसरंच. न शिवलेला ओटीचा खण. २०१९ च्या पुराचा गाळ अजून फटीत असलेली बांगड्यांची पेटी, जी घर सोडताना एकीनं कागदपत्रांबरोबर डोक्यावर घेतली होती. आणि एका घरात संक्रांतीची वाणं: स्टीलच्या वाट्या, कंगवे, साबणदाण्या, चाळण्या, पिठाचे छोटे डबे, अकरा वर्षांची, फळीवर ओळीनं. ती ओळ एका ठिकाणी संपते, पुढं फळी मोकळी. छायाचित्रकारानं आधी ओळ मध्यभागी घेऊन चित्र रचलं होतं. मग कॅमेरा दीड हात उजवीकडं सरकवला, मोकळ्या फळीला चौकटीचा निम्म्याहून जास्त भाग दिला. पुष्कळांना हे मालिकेतलं सगळ्यात पक्कं चित्र वाटतं, आणि त्यात कुंकवाचा कणही नाही.

मजकुराचा प्रश्न

चित्राखाली किती लिहायचं? काहीच नाही, असं छायाचित्रकाराचं मत. सगळं लिहा, असं संस्थेचं. मजकूर नसता तर वाणांची फळी म्हणजे नुसता स्वयंपाकघराचा फोटो झाला असता, हे खरं. पण लांब मजकूर असला की लोक चित्र न पाहता वाचतात, हेही खरं. शेवटी प्रत्येक चित्राखाली वस्तूचं नाव, किती वर्षं ठेवलेली आणि बाईचं एक वाक्य, तिच्याच बोलीत, एवढं ठरलं. वाक्य सुधारायचं नाही, "पडत्यात"चं "पडतात" करायचं नाही.

स्टीलच्या तांब्याच्या चित्राखाली आलेलं वाक्य जमिनीबद्दल होतं. नवरा गेल्यावर वारस नोंदीच्या वेळी दिरानं हक्कसोडपत्रावर सही मागितली, तिनं दिली नाही, आणि तेव्हापासून त्या घरचं पाणी बंद, अशा अर्थाचं. विधवा ही पहिल्या वर्गातली वारस आहे आणि मुलांइतकाच तिचा हिस्सा असतो. पण सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत हे किती जणींना कुणी सांगतं? संस्थेला हे वाक्य हवंच होतं, आणि ते योग्यच होतं. प्रथा कुंकवावर थांबत नाही, जमिनीपर्यंत जाते, हे दाखवणारं ते एकमेव चित्र होतं.

काय घडलं

बावीस वस्तू टिपल्या, चौदा निवडल्या, १२ बाय १८ इंचात मॅट कागदावर छापल्या. ६००० बाय ४००० पिक्सेलची फाइल या आकाराला इंचाला ३३३ पिक्सेल देते, म्हणजे हात लांबवून धरलं तरी वाचता येईल इतकं स्पष्ट. दोघींनी छापील चित्र पाहून दुसऱ्या टप्प्याची परवानगी दिली नाही. बारा उरली.

शहरातल्या कलादालनात आठवडाभर लागली, तेव्हा काही अडलं नाही. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, चित्रं बघायला येणारी माणसं आहेत. त्यांनी प्रकाशाचं कौतुक केलं, छिद्र किती ठेवलं ते विचारलं. बांगड्यांपेक्षा खणाच्या पोताविषयी बोलणं जास्त झालं. कौतुक ऐकायला बरं वाटतं, पण काम त्यासाठी केलेलं नव्हतं.

गावात संक्रांतीनंतर शाळेच्या वर्गात चित्रं लावली तेव्हा उलटं झालं. प्रकाशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बायका चित्राला नाक लावून बघत होत्या आणि खालचं वाक्य एकमेकींना वाचून दाखवत होत्या. त्या दिवशी नऊ विधवा बायका हळदीकुंकवाला आल्या, त्यातल्या पाच जणींनी कुंकू लावून घेतलं. चौघींनी नको म्हटलं, त्यांना आग्रह केला नाही.

दुपारनंतर तांब्याचं चित्र ओळखलं गेलं.

आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात. तांब्यावरही होतं: दिवंगत नवऱ्याचं नाव आणि वर्ष, यंत्राच्या ठिपक्यांनी कोरलेलं. छायाचित्रकारानं ते पाहिलं होतं आणि तांब्या फिरवून नाव मागं नेलं होतं. पण मागं फडताळात एक सपाट झाकण उभं होतं आणि त्यात तांब्याची मागची बाजू दिसत होती. खिडकीचा उजेड तिरपा असल्यानं कोरलेल्या प्रत्येक ठिपक्याला सावली होती. नाव उलटं, पण कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर न दिसलेलं आता अठरा इंचांच्या कागदावर होतं. एका पोरानं मोबाईलनं फोटो काढला, आरशासारखा उलटवला आणि वाचला. खाली दिराबद्दलचं वाक्य.

दीर शाळेत आला. आवाज चढला, हात उचलला गेला नाही. कार्यकर्तीनं चित्र लगेच उतरवलं. हे बरोबर की घाई, यावर संस्थेत आजही दोन मतं आहेत. वाक्य खरं होतं आणि ज्या बाईचं होतं तिनं मागं घेतलेलं नव्हतं. उतरवण्याआधी तिला विचारलं गेलं नाही, ही चूक मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

वेगळं काय करता आलं असतं

चमकदार वस्तूच्या चित्रात ओळख लपवायची असेल तर वस्तू फिरवून भागत नाही. चौकटीतला प्रत्येक परावर्तक पृष्ठभाग वेगळा तपासावा लागतो: झाकण, काच, करंड्याचा आरसा, अगदी पाणीसुद्धा. फाइल संगणकावर शंभर टक्के मोठी करून कोपऱ्याकोपऱ्यानं पाहायची, आणि चित्र एकदा आडवं उलटवूनही. कोरलेलं अक्षर दाबायचं असेल तर उजेड समोरून आणि मऊ हवा, म्हणजे ठिपक्यांना सावली पडत नाही. कुंकवाला जो तिरपा उजेड जीव देतो, तोच इथं घात करतो. याहून सोपा उपाय होता: झाकण उचलून बाजूला ठेवायचं. पण "घरात काही हलवायचं नाही" हा नियम इतका पाळला गेला की तेही सुचलं नाही.

चित्र आणि वाक्य वेगवेगळे तपासले गेले, एकत्र नाही. तांब्या एकटा निरुपद्रवी होता. वाक्यही, नाव नसताना, कुणाचंही असू शकलं असतं. धोका जोडीत होता. छपाईआधी गावातल्याच, पण त्या घरांशी संबंध नसलेल्या एखादीला "हे कुणाचं वाटतं?" एवढं विचारलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. पण असं विचारल्यानं गोष्ट आधीच फुटते, असाही आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. शेजारच्या गावातली बाई हा त्यातला मधला मार्ग.

संमतीपत्रावर ठिकाण लिहिलेलं नव्हतं. शहरातलं दालन आणि स्वतःच्या गावची शाळा या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. क्रमही उलटा हवा होता: आधी गावात, फक्त बायकांसाठी, एक दुपार, आणि मग शहरात. घरच्या पुरुषाची सही न घेण्याचा निर्णय मात्र संस्था आजही बदलायला तयार नाही. सही मागितली असती तर तांब्याचं चित्र झालंच नसतं.

सध्याची स्थिती

अकरा चित्रं दुसऱ्या गावात फिरून आली. ओळ संपलेल्या फळीच्या चित्राची एक प्रत त्या घरी दिली. तांब्याच्या चित्राचं काय करायचं, ते त्या मावशींना महिन्याभरानं विचारलं. फाइल पुसायची का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पुसू नका. सातबाऱ्यावर नाव लागू दे, मग लावा." फेरफाराचा अर्ज संस्थेच्या मदतीनं तलाठ्याकडं दिला आहे. फाइल एका पेन ड्राइव्हमध्ये आहे आणि पेन ड्राइव्ह त्यांच्याच ट्रंकेत.